बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडची डस्ट कव्हरं घरी बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या गाड्यांचं खालचं काम मी बरीच वर्षं स्वतः करतो आहे. नात्यातले, शेजारचे, ओळखीचे लोक पावसाळ्याच्या तोंडावर जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र लिहितो. काम अवघड नाही, पण गाडीखाली शिरायचं आहे आणि चाक धरून ठेवणाऱ्या भागाला हात लावायचा आहे. म्हणून एकेक गोष्ट नीट समजून घ्या आणि मगच पाना हातात धरा.

डस्ट कव्हर म्हणजे नेमकं कोणतं रबर? दुकानात मागितलं तर शॉकअपचं कव्हर काढून देतात.

गाडीखाली कव्हर म्हणता येतील अशी रबरं चार प्रकारची असतात. शॉकअपच्या दांड्यावरची लांब नळी हा एक प्रकार. अॅक्सलच्या सांध्यावरचा घडीघडीचा बूट दुसरा, आणि स्टेअरिंग रॅकच्या टोकाला असतो तो रॅक बूट तिसरा. आपण बोलतोय ते चौथ्याबद्दल. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) आणि स्टॅबिलायझरची, म्हणजे गाडी वळणावर कलू न देणाऱ्या बारची, लिंक रॉड या सांध्यांवर लिंबाएवढी, काळी, वाटीसारखी टोपी असते, तेच हे कव्हर.

आपल्या मांडीचं हाड खुब्यात बसतं ना, तशीच आतली रचना आहे. एका वाटीत पॉलिश केलेला लोखंडी गोळा फिरतो, त्याचा दांडा बाहेर येतो आणि पुढच्या भागात अडकतो. गोळा आणि वाटी यांच्यात प्लॅस्टिकचं अस्तर आणि ग्रीस असतं. कव्हर ते ग्रीस आत ठेवतं आणि पाणी-माती बाहेर. दुकानात ‘टाय रॉड एंडचं कव्हर’ किंवा ‘लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचं कव्हर’ असं भागाचं नाव घेऊन मागा.

एवढंसं रबर फाटलं तर काय बिघडतं? गाडी तर चालते आहे.

चालते, आणि म्हणूनच फसायला होतं. कव्हर फाटल्याच्या दिवशी काहीच जाणवत नाही. आधी थोडं ग्रीस बाहेर येतं, त्यावर धूळ चिकटते. पहिल्या पावसात त्या चिरेतून पाणी आत जातं आणि पाण्याबरोबर बारीक रेती. मग गोळा प्रत्येक वळणावर त्या रेतीत घासला जातो.

माझ्याच गाडीचं सांगतो. एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगच्या वेळी डाव्या टाय रॉड एंडला नवीन कव्हर बसवून दिलं होतं. चार महिन्यांनी उमरेड रोडवरून येताना स्टेअरिंगला हलकी थरथर जाणवली. घरी येऊन ते नवंकोरं दिसणारं कव्हर उचकटलं. आतलं ग्रीस दुधाळ कॉफीच्या रंगाचं झालेलं. चिमूटभर घेऊन बोटांत चोळलं तर रांगोळी चुरचुरावी तसं लागलं. पुसल्यावर गोळ्यावर नखाएवढा तांबूस पट्टा दिसला आणि त्यावरून नख फिरवलं की ते अडकत होतं. जुनी घाण न काढता वरून फक्त टोपी बदलली होती. तो जॉइंट मला पूर्ण बदलावा लागला.

असंच दुर्लक्ष झालं तर शेवटी गोळा वाटीतून निसटतो. टाय रॉड सुटला की ते चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. लोअर आर्मचा जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी बसते. हे धावत्या गाडीत झालं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

नागपुरात ही कव्हरं जास्त लवकर जातात का?

रबराला उष्णता, ऊन आणि वय सोसत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीखालचा डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता त्याहून तापतो. रबर कडक होतं, घडीच्या जागी बारीक भेगा पडतात. पुढे मृगाचा पाऊस, चिकट काळी माती आणि सिमेंट रोडच्या कडेला उतरताना बसणारा दणका. उन्हाळ्यात पडलेली भेग पावसाळ्यात उघडते. त्यामुळे तपासणी मृगाच्या आधी, म्हणजे मे संपायच्या आत करावी, असं माझं ठाम मत आहे. दिवाळीनंतर पाहिलंत तर नुकसान होऊन गेलेलं असतं.

दोन कारणं लोकांच्या लक्षात येत नाहीत. बराच काळ एका जागी उभ्या असलेल्या गाडीची रबरं उंदीर कुरतडतात. आणि वॉशिंगवाला प्रेशरची धार थेट जॉइंटवर धरतो, तेव्हा कव्हरच्या ओठातून, म्हणजे तोंडाच्या कडेतून, पाणी आत ढकललं जातं. त्याला सांगा, ‘भाऊ, चाकाच्या आतल्या बाजूला धार लांबून मारा.’

नुसतं कव्हर बदलू की पूर्ण जॉइंट?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. मेलेल्या जॉइंटला नवीन कव्हर घालणं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधणं. बाहेरून सगळं छान दिसतं, आणि पुढच्या वेळी खाली वाकून पाहणारा माणूसही फसतो.

आधी गाडी उचलून चाक हवेत घ्या. घड्याळाच्या ९ आणि ३ वर हात ठेवून चाक डावी-उजवीकडे झटक्याने हलवा. ढिलेपणा जाणवला तर संशय टाय रॉड एंडवर. मग १२ आणि ६ वर धरून हलवा. इथे ढिलेपणा असेल तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. दोन्हींतला फरक कळायला एकाने चाक हलवावं आणि दुसऱ्याने जॉइंटवर बोट टेकवून पाहावं. दांडा आणि वाटी यांच्यात हालचाल बोटाला लागली, तर दोष जॉइंटचाच. ब्रेक दाबून धरल्यावर ढिलेपणा नाहीसा झाला, तर बेअरिंगकडे बघा.

दुसरी परीक्षा जॉइंट सुटल्यानंतरची आहे. दांडा हाताने सगळ्या बाजूंना फिरवा. चांगला जॉइंट घट्ट असतो पण हालचाल सलग, लोण्यासारखी होते. तो हलवायला जोर लागला म्हणून घाबरू नका, तसाच हवा. दांडा आपल्या वजनाने लटकत असेल, मध्येच अडखळत असेल, खरखर लागत असेल किंवा गोळ्यावर गंजाचा खड्डा दिसत असेल, तर कव्हर परत करा आणि जॉइंट आणा.

माझा नियम असा आहे: चीर ताजी, ग्रीस अजून काळं किंवा पिवळसर आणि स्वच्छ, चाकात ढिलेपणा शून्य, तरच नुसतं कव्हर. किती दिवसांपासून फाटलं आहे ते माहीत नसेल आणि मधून एक पावसाळा गेला असेल, तर मी जॉइंटच बदलतो.

खड्ड्यातून जाताना खालून कटकट आवाज येतो. कव्हर बदललं की जाईल का?

नाही. आवाज येतो म्हणजे आत झीज झालेली आहे. बऱ्याचदा तो लिंक रॉडचा किंवा आर्मच्या रबरी बुशचा निघतो. आधी मूळ शोधा.

योग्य मापाचं कव्हर कसं मिळवायचं?

सगळ्यात सोपं म्हणजे गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून कंपनीचं कव्हर मागणं. पण बऱ्याच गाड्यांना कंपनी कव्हर सुटं देत नाही, पूर्ण जॉइंटच देते. मग बाजारातलं मापाचं घ्यावं लागतं. तीन मापं लिहून न्या: वाटीवरच्या खाचेचा व्यास, दांडा जिथे कव्हरच्या लहान तोंडातून बाहेर येतो तिथला व्यास, आणि कव्हरची उंची. व्हर्नियर असेल तर उत्तम. उंचीकडे लोक लक्ष देत नाहीत. कव्हर बुटकं पडलं तर चाक पूर्ण वळल्यावर ताणून फाटतं. फार उंच असेल तर दबून घडी पडते आणि तिथेच चिरतं.

दुकानात कव्हर बोटांनी दुमडून पाहा. घडीवर पांढरट रेघ किंवा बारीक भेगा उमटल्या तर ते जुनं पडून राहिलेलं रबर आहे. तर्री-पोह्याच्या दोन-चार प्लेटींच्या पैशांत येणारी वस्तू आहे ही, तेव्हा त्यात पैसे वाचवू नका. दोन्ही बाजूंची घ्या. एका बाजूचं वयाने गेलं असेल तर दुसरंही त्याच वयाचं असतं.

हत्यारं कोणती लागतील?

चाकाचा पाना, गोटी पान्यांचा (सॉकेटचा) सेट, एक-दोन रिंग पाने, पक्कड, एक मध्यम आणि एक जड हातोडा, दोन बारीक पेचकस, लांब टॉमी (उचकटायची लोखंडी पहार), तारेचा ब्रश, भरपूर सुती चिंध्या. जॅक आणि किमान दोन घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरावर नट आवळायचा पाना) असावाच, विकत घेणं जमत नसेल तर कुणाकडून मागून आणा. नवीन स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून दांड्याच्या भोकात घालतात ती) कव्हरांबरोबरच घेऊन ठेवा.

गाडी कुठे आणि कशी उचलावी?

इथे घाई केली तर जीव जाऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सपाट, पक्की सिमेंटची जागा हवी. नवीन लेआउटमध्ये अंगणात थेट काळी माती असते. ती कोरडी असताना दगडासारखी वाटते, पण थोडी ओल असली की जॅक तिच्यात तिरका रुततो. गट्टूंचाही भरवसा नाही, कडेचा गट्टू एका बाजूने खचतो. नाइलाज असेल तर जॅक आणि घोडी दोन्हींखाली जाड, रुंद लाकडी फळी घाला.

हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग पुढून दोन्ही बाजू उचला आणि कंपनीने सांगितलेल्या जागी घोड्या लावा. एकच चाक उचललं तर स्टॅबिलायझर बार त्या बाजूचा आर्म ओढून धरतो आणि जॉइंट सोडवताना, बसवताना विनाकारण झोंबावं लागतं.

घोड्यांवर गाडी टेकली की बाजूने दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहा. ती हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे. काढलेलं चाक दाराखालच्या पाट्याखाली आडवं सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, आणि एकटे असताना हे काम करू नका. घरातलं कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं.

वेळ पहाटे साडेपाच-सहाची धरा. मे महिन्यात दहानंतर अंगणात पडलेला पाना उचलवत नाही, आणि घामाने डोळे चुरचुरत असताना नट नीट दिसत नाही.

टाय रॉड एंड सुटतच नाही. काय करू?

दांडा निमुळता असतो आणि निमुळत्या भोकात गच्च बसतो. स्प्लिट पिन काढा, नट सैल करा पण पूर्ण काढू नका. तो दांड्याच्या टोकाशी बरोबरीत येईपर्यंत फिरवून ठेवा, म्हणजे आटे वाचतात आणि सांधा सुटला की अंगावर येत नाही. मग दांडा ज्या भोकात बसला आहे, त्या नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागाच्या) कानाला बाजूने हातोड्याचा कडक घाव घाला. समोरून दुसरा जड हातोडा टेकवून धरला तर घाव वाया जात नाही. दोन-चार घावांत ‘टक’ असा आवाज येतो आणि सांधा खाली उतरतो.

दांड्याच्या टोकावर वरून ठोकू नका. टोक फुगलं की नट चढत नाही आणि चांगला जॉइंट फुकट जातो. पुलर (स्क्रू आवळून सांधा ढकलून सोडवणारं हत्यार) असेल तर सगळ्यात सभ्य मार्ग तोच. दोन दातांचा फाटा ठोकून घालायची पद्धत गॅरेजमध्ये दिसते. त्याने सांधा लगेच सुटतो, पण कव्हर हमखास फाटतं. जुनं कव्हर टाकायचंच असेल तर चालेल, दुसऱ्या कामासाठी जॉइंट सोडवताना मात्र तो फाटा हातात घेऊ देऊ नका. कितीतरी धडधाकट कव्हरं अशीच मरतात.

लोअर आर्मचा बॉल जॉइंट पण असाच सुटतो का?

काही गाड्यांत असाच, निमुळता. बऱ्याच छोट्या गाड्यांत मात्र दांडा सरळ असतो आणि नकलच्या चिमट्यात आडव्या बोल्टने आवळलेला असतो. तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो, म्हणून नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग टॉमीने आर्म खाली दाबला की दांडा निसटतो. गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

सुटल्यावर चाकाचा हब मोकळा होतो. तो बाहेर ओढू नका, नाहीतर अॅक्सलचा आतला सांधा जागेवरून निघू शकतो. ब्रेकच्या नळीवर आणि एबीएसच्या वायरवर त्याचं वजन येऊ देऊ नका, तारेने शॉकअपला बांधून ठेवा. पहिल्यांदाच काम करत असाल तर टाय रॉड एंडपासून सुरुवात करा. लोअर आर्म पुढच्या खेपेला.

जुनं ग्रीस रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊ का?

नको. वाटीच्या आत शिरलेलं रॉकेल परत बाहेर निघत नाही, आणि नवीन ग्रीस पातळ करून टाकतं. कोरड्या चिंध्यांनी पुसा, दांडा फिरवत फिरवत. तीन-चार वेळा थोडं नवीन ग्रीस भरून, दांडा हलवून, परत पुसून घ्या. जुनी घाण त्याच्याबरोबर बाहेर येते. शेवटच्या चिंधीवर चुरचुर लागली नाही की झालं. वाटीवरची खाच मात्र तारेच्या ब्रशने नीट साफ करा. कव्हर तिथेच बसणार आहे. ब्रश मारताना गोळ्यावर चिंधी गुंडाळून ठेवा.

काढलेलं ग्रीस आणि चिंध्या नालीत टाकू नका, जुन्या डब्यात बंद करून ठेवा.

कोणतं ग्रीस, आणि किती?

लिथियमवर आधारित, २ नंबरचं मल्टिपर्पज ग्रीस चालतं. त्यात मॉलिब्डेनम असेल तर आणखी चांगलं. किती, यात लोक चुकतात. गोळ्याभोवती नीट दाबून भरा आणि कव्हर साधारण दोन तृतीयांश भरेल इतकंच घाला. गच्च भरलं तर चाक वळल्यावर कव्हर फुग्यासारखं फुगतं आणि ओठातून ग्रीस बाहेर येतं. कव्हरच्या ओठाला आणि वाटीवरच्या खाचेला मात्र ग्रीस लावू नका, तिथे रबर कोरडं पकडतं.

जुन्या जीपगाड्यांत जॉइंटला ग्रीस भरायचं निपल असतं. तिथे ग्रीस गनने भरताना कव्हर किंचित फुगलं की थांबा.

कव्हर खाचेत धरून ठेवणारी तारेची रिंग काही केल्या चढत नाही.

सायकलचा टायर रिमवर चढवतो तशीच ती चढवायची. एका बाजूला रिंग खाचेत बसवा, तिथे अंगठ्याने दाबून ठेवा आणि दोन बारीक पेचकसांनी दोन्ही बाजूंनी थोडी थोडी पुढे सरकवत न्या. पेचकसाची टोकं आधी घासून बोथट करा, नाहीतर नवीन कव्हरलाच भोक पडेल. ज्या कव्हरच्या आत लोखंडी कडं असतं, ते ठोकून बसवावं लागतं. त्यासाठी त्याच व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा मोठी गोटी वर ठेवून सरळ दाब द्या. हातोड्याने थेट मारलं तर कडं वाकडं होतं.

बसल्यावर ओठ एका जागी किंचित उचलून आतली हवा दाबून काढा.

परत आवळताना नटाबरोबर दांडाही फिरतो.

खालून जॅकने जॉइंटला हलका दाब द्या. दांडा निमुळत्या भोकात घट्ट बसला की फिरणं थांबतं. दोन्ही निमुळत्या पृष्ठभागांवर ग्रीस राहिलं नाही ना, तेही बघा. ते कोरडे आणि स्वच्छ हवेत.

नट गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. छोट्या गाड्यांच्या टाय रॉड एंडला हा आकडा साधारण ३० ते ५० न्यूटन मीटरच्या दरम्यान येतो, पण तुमच्या गाडीचा नेमका पाहूनच घ्या. खाचांचा नट असेल आणि पिनचं भोक जुळत नसेल, तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा. भोक जुळवायला नट कधीही मागे फिरवू नका. जुनी स्प्लिट पिन परत वापरू नका. नायलॉनचं कडं असलेला नट असेल तर तोही नवीन घाला.

अलाइनमेंट करावी लागेल का?

नुसतं कव्हर बदललं आणि टाय रॉडवरचा लॉक नट हलवला नाही, तर नाही. टाय रॉड एंड बदललं तर हो, त्याच दिवशी.

चिरेवर टेप किंवा एम-सील लावून काम भागेल का?

नाही. ग्रीस लागलेल्या, सतत हलणाऱ्या रबरावर काहीच टिकत नाही.

गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. कव्हरं तर धड दिसतात.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि आजूबाजूच्या वस्त्यांमधल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. तेव्हा लोकांनी इंजिन, सीट, वायरिंग सगळं पाहिलं, पण हे सांधे फारसे कुणी पाहिले नाहीत. तासन्‌तास गढूळ पाण्यात राहिलेल्या जॉइंटमध्ये ओठातून पाणी जाऊ शकतं, कव्हर धड असलं तरी. अशा गाडीच्या एका कव्हरचा ओठ उचलून ग्रीसचा रंग बघा. दुधाळ असेल तर सगळेच जॉइंट उघडून पाहा.

मेकॅनिक म्हणतो, ‘काहून खोलता भाऊ, चालून राहिली ना गाडी!’

तो गाडी आज चालते का ते बघतो. तुम्हाला ती आषाढात, रात्री, वर्धा रोडवर ८० च्या वेगात, मागच्या सीटवर पोरं झोपलेली असतानाही चालायला हवी. त्याच्याकडूनच करून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण समोर उभे राहा आणि आतलं ग्रीस तुमच्यासमोर पुसायला सांगा.

सगळं बसवल्यावर काय तपासायचं?

चाक लावायच्या आधी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि कव्हर कुठे पिळलं जातंय का, ताणतंय का ते बॅटरी मारून पाहा. पिळलं असेल तर लहान तोंड दांड्यावर थोडं फिरवून सरळ करा. चाकाचे नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळा आणि गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने पक्के करा. छोट्या गाड्यांत आकडा साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर असतो.

आधी गल्लीतच हळू चालवून ब्रेक आणि स्टेअरिंग पाहा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट परत तपासा आणि कव्हरच्या ओठावरून बोट फिरवा. बोटाला ग्रीस लागलं तर रिंग नीट बसलेली नाही, ती काढून परत बसवा.